आजची पाळी

मागच्या वर्षी पुण्याहून एक पाहुणे आमच्या रस्त्यावर आले होते. गावातले दुकानदार युवा केंद्राला मदत का करतात, यावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. ते माझ्या गिरणीत आले तेव्हा मिरची कांडायला लावलेली होती, त्यामुळे त्यांना एकसारख्या शिंका येत होत्या. दोन शिंकांच्या मधल्या फटीत त्यांनी विचारलं, "यामागची तुमची प्रेरणा काय?" प्रेरणा वगैरे शब्द ऐकले की मला काही सुचत नाही. मी म्हटलं, "पाळी." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळले. मग त्यांना सगळं समजावून सांगण्यात माझी अख्खी दुपार गेली. तेच आता इथं लिहिते आहे, शिंका वगळून.

माझी पिठाची गिरणी निमगाव केतकीत, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेजारी मिरची कांडप. गिरणी सासऱ्यांनी टाकली, नवऱ्याला शेतीतून सवड नाही, म्हणून ती माझ्याकडे आली आणि मग माझीच झाली. माझा स्वभाव तिखट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभं राहून तो गोड कसा राहावा, हे त्या लोकांनी मला एकदा सांगावं.

गिरणीच्या बरोबर समोर एक खोली आहे. पूर्वी तिथं दूध गोळा व्हायचं. ते काम दुसरीकडे गेलं आणि खोली रिकामी पडली. बारामतीच्या एका मॅडमनी ती मागून घेतली आणि तिथं युवा केंद्र सुरू केलं. दोन कपाटं पुस्तकं, एक कॅरम, एक म्हातारा कॉम्प्युटर. मागच्या मोकळ्या जागेत खो-खोचे दोन खांब रोवले. शाळा सुटली की पोरं तिथं जमायची आणि दिवेलागणीपर्यंत नुसता गलका. त्या गलक्यात माझ्या गिरणीचाही आवाज बुडायचा, यावरून काय ते समजा.

खो-खोचा मुलींचा संघ हे त्या केंद्राचं खरं वैभव. त्यांची कॅप्टन म्हणजे एक उंच, सडसडीत, नववीतली मुलगी. तिचे पणजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, आता घरची शेती आहे. तिच्या पळण्यात मात्र ते सगळं हिंडणं उतरलं होतं. ती खांबाला वळसा घालून निघाली की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. मी किती वेळा दळण अर्धवट सोडून दारात येऊन उभी राहिले असेन! बायका ओरडायच्या, "अवो वैनी, पीठ करपतंय!" करपू दे. असं पळणं रोज बघायला मिळत नाही.

तिच्या घरात शब्द चालायचा तो तिच्या आजोबांचा. त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो. तात्यांनी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "केंद्रावर मोठं माणूस हाय, म्हणून पोरगी येतीया. ज्या दिशी तितं मोठं माणूस दिसनार न्हाय, त्या दिशी तिचं खेळणं बंद." आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. रोज संध्याकाळी तात्या रस्त्यानं यायचे, दारातून आत बघायचे, मॅडम दिसल्या की काही न बोलता पुढं जायचे. बाकी मुलींच्या घरचेही तात्यांकडे बघून चालायचे. तात्यांची नात थांबली असती, तर आठ दिवसांत तिथं एकही मुलगी उरली नसती.

आणि मग मॅडमचं लग्न ठरलं. त्या नागपूरला गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन रडल्या. मी त्यांना म्हटलं, रडू नका, करते काहीतरी. काय करणार होते ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरच्या दुकानदारांना गिरणीत बोलावलं. पेंडवाले आबा आले. त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे, वय झालंय, मुलगे पुण्याला नोकरीत, आणि कपाळावर कायम आठी. वडेवाले भाऊ आले, हाताला पीठ तसंच. मेडिकलवाल्या ताई आल्या. त्यांना लग्न होऊन इथं येऊन फार दिवस झाले नव्हते, पण काउंटरवर अशा उभ्या राहायच्या की मोठमोठे मिशीवाले आपलं दुखणं हळू आवाजात सांगायचे. मी बोलायला तोंड उघडलं आणि तिघांचेही हात खिशाकडे आणि पर्सकडे गेले. आमच्याकडे चारजण बोलावले की वर्गणी मागणार, हे ठरलेलंच. पावती फाडली की सुटका.

माझं डोकं फिरलं. "हात काढा खिशातनं," मी म्हटलं. "मला पैसे नकोत, माणूस पायजे. रोज संध्याकाळी दार उघडून तितं बसणारं माणूस."

पैसे मागितले असते तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण संध्याकाळ म्हणजे धंद्याची वेळ. वडेवाले भाऊ म्हणाले, "वैनी, माझं तेल तापल्यालं असतं." मेडिकलवाल्या ताई म्हणाल्या, संध्याकाळीच तर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात. मी आबांकडे बघितलंच नाही, कारण त्यांच्याकडून मला काही आशा नव्हती. ते उठले, टोपी घातली आणि दारातून बाहेर पडता पडता म्हणाले, "मग पाळ्या लावा की. पाण्याला लावतो तशा."

झालं. एवढ्या एका वाक्यावर काम झालं.

आमच्या भागात पाळी म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. कालव्याला पाणी सुटलं की चारीवर, म्हणजे रानांकडे येणाऱ्या छोट्या पाटावर, ज्याची त्याची वेळ ठरते. त्या वेळेपुरतं पाणी तुमचं. घरात लग्न असू दे, अंगात ताप असू दे, बांधावर जावंच लागतं. गेला नाहीत तर पाणी पुढच्याच्या रानात जातं. वर्गणी माणूस विसरतो, दिलेला शब्द विसरतो, बायकोनं सांगितलेला किराणा तर हमखास विसरतो. पण पाळी चुकवलेला माणूस मी आजवर बघितलेला नाही. त्यामुळे "समाजकार्याला वेळ द्या" म्हटल्यावर ज्यांनी हात झटकले असते, तेच लोक "माझी पाळी कधी?" म्हणून विचारायला लागले. पाण्याचे नियम इथंही लागू झाले. अडचण आली तर अदलाबदल करायची, पण दार कोरडं ठेवायचं नाही. आमच्याशिवाय रस्त्यावरचे आणखीही काहीजण त्यात आले.

वडेवाले भाऊंनी हौसेनं एक फळा आणला, केंद्राच्या दाराशी टांगला आणि त्यावर खडूनं ठसठशीत लिहिलं, "आजची पाळी : पेंडवाले आबा."

संध्याकाळी मुली आल्या. फळा वाचला. एकीनं दुसरीला चिमटा काढला, आणि मग सगळ्या ओढणी तोंडात कोंबून अशा हसल्या की दोघी तर जमिनीवरच बसल्या. मला सकाळीच कळलं होतं. पण मी का बोलू? इतक्या वर्षांत या रस्त्यावरच्या पुरुषांनी मला एवढी करमणूक कधी पुरवली नव्हती.

आबा बिचारे कपाळाला आठी घालून खुर्चीत बसायचे आणि मुली पुस्तकाआडून खुसखुसायच्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, "वैनी, ह्या पोरी मला बघून का हसत्यात? माझं धोतर बिधोतर फाटलंय का?" मी म्हटलं, मेडिकलवाल्या ताईंना विचारा. ताईंनी औषधाची मात्रा सांगावी तितक्या शांतपणे त्यांना सांगितलं. आबांचे कान आधी लाल झाले, मग मान, मग टोपीखालचं टक्कल. त्यांनी स्वतः जाऊन फळा पुसला आणि पाळीच्या जागी कालव्याचं पाणी सोडण्याचा सरकारी शब्द लिहिला, "आजचे आवर्तन : पेंडवाले आबा."

आता हे लिहिताना आबांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. दिवस चैत्राचे होते. विहिरींनी तळ गाठला होता. आमचं गाव कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, त्यामुळे पाणी कधी सुटतंय याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी फळा वाचला. तासाभरात गावभर झालं, की आवर्तन सुटलं आणि आजचं सगळं पाणी एकट्या पेंडवाल्यांना दिलं! खोरी खांद्यावर घेऊन माणसं त्यांच्या दुकानापुढं उभी राहिली. "आबा, वशिला कुणाचा लावला?" "आमी काय मेलो व्हय?" आबा गयावया करत होते, "अरं बाबांनो, पाणी न्हाय, मी नुस्ता खुर्चीत बसतुया!" कुणी ऐकेना. शेवटी मी गिरणी बंद केली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि माझा गिरणीवरचा आवाज लावला. तेव्हा कुठं खोरी खाली आली. आबांनी निमूटपणे फळा पुसला आणि पुन्हा लिहिलं, पाळी.

त्या दिवसापासून तो शब्द कुणी लपवला नाही. मेडिकलवाल्या ताई त्यांच्या पाळीला आल्या की मुलींशी दार लावून मोकळेपणानं बोलायच्या. पूर्वी महिन्यातले ते दिवस आले की मुली पोटात दुखतंय म्हणून घरी बसायच्या. आता कॅप्टन एकदा माझ्या पाळीला आली, फळ्याकडे बघून म्हणाली, "काकू, आज तुमचं नाव पुसा न् माझं लिवा," आणि खदाखदा हसत मैदानात पळाली. तिच्या वयात असं बोलायची हिंमत आमच्यात असती तर! मला तिचा हेवा वाटला आणि त्याहून जास्त आनंद झाला.

पाहुण्यांना मी हेही सांगितलं, की सुरुवातीला आम्ही पाळी म्हणून गेलो, पण नंतर ओढीनं जायला लागलो. वडेवाले भाऊ कॅरममध्ये पोरांकडून हरायचे आणि दुसऱ्या दिवशी भज्यांच्या कढईमागं उभे राहून नेम धरायचा सराव करायचे. आबांच्या घरात मुलगे पुण्याला गेल्यापासून बोलायला कुणी नव्हतं. ते वेळेच्या आधीच येऊन बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुकानात डास लै झाल्यात."

तात्या मात्र रोज यायचे, दारातून बघायचे, मोठं माणूस दिसलं की जायचे. ते बघून गेले की माझा जीव भांड्यात पडायचा.

आणि मग आवर्तन खरंच सुटलं. तेही बाजाराच्या दिवशी. आबांच्या रानातली पाळी नेमकी त्या संध्याकाळची, आणि केंद्रावरची पाळीही आबांचीच.

आबांचा लागणीचा ऊस करपायला आला होता. हे पाणी गेलं तर तो गेलाच होता. ते सकाळपासून अदलाबदलीला माणूस शोधत होते. पण बाजाराच्या दिवशी माझ्या दारात दळणाची रांग रस्त्यापर्यंत असते. वडेवाले भाऊंपुढं अख्खा बाजार उभा. ताई माल आणायला बारामतीला गेलेल्या, बाकीचेही आपापल्या गिऱ्हाइकांत अडकलेले. रानात पाणी धरायला मजूर मिळेना, कारण सगळे आपापल्या रानात. शाळा सुटायच्या वेळेला आबा एका हातात किल्ली आणि एका हातात खोरं घेऊन केंद्राच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दार उघडून बसावं तर ऊस जातो. रानात जावं तर तात्या येऊन बंद दार बघणार आणि नातीचं खेळणं संपणार. आणि बारामतीला खो-खोचे सामने भरणार होते, ते तोंडावर आले होते. मी दळणाच्या रांगेला थांबा म्हणून सांगितलं, तर बायका माझ्याच अंगावर आल्या.

तेवढ्यात मुली आल्या. कॅप्टननं आबांकडे पाहिलं, खोऱ्याकडे पाहिलं, आणि तिला न सांगता कळलं. शेतकऱ्याच्या घरातली पोर ती. "आबा," ती म्हणाली, "तुमी खुर्चीत बसा. पाणी आमी धरतो."

"तुमाला दारं धरता येत्यात व्हय?"

"मग आमच्या रानात कोण धरतं?" असं म्हणून तिनं त्यांच्या हातातलं खोरं काढून घेतलं. दप्तरं खोलीत पडली, आणखी दोन खोरी माझ्या घरातून गेली, आणि सगळा संघ आबांच्या रानाकडे पळाला.

आबा खुर्चीत बसले. लहान पोरं भोवती पुस्तकं चाळत होती. आबांचं लक्ष नव्हतं, पण ते जागचे हलले नाहीत. आणि थोड्याच वेळात बाजाराची पिशवी घेऊन तात्या आले. आत बघितलं. मोठं माणूस होतं. पण मैदान रिकामं.

"माझी नात कुठाय?"

"माझ्या रानात," आबा म्हणाले. "पाणी धरतीया."

तात्यांचा चेहरा असा झाला की मी हातातलं सूप तिथंच टाकलं आणि रस्ता ओलांडला. "एकली?" तात्यांनी विचारलं. "सगळ्याच हायत," आबा म्हणाले, "चला म्हनलो असतो, पण मला उठता येत न्हाय. पाळी हाय." तात्या तरातरा निघाले आणि मी त्यांच्यामागं. गिरणीपुढची रांग मला काय काय म्हणत होती ते इथं लिहिता येणार नाही.

रान जवळच होतं. ऊन उतरलं होतं, पण लख्ख दिसत होतं. आम्ही बांधावर पोचलो आणि तात्या थांबले.

मुली सऱ्यांच्या तोंडाशी ओळीनं बसल्या होत्या, खो-खोच्या मैदानात बसतात तशा. चिखल गुडघ्यापर्यंत. पाणी पाटातून येत होतं. एक सरी टोकापर्यंत भरली की टोकाला उभी असलेली मुलगी हात वर करायची, तोंडाशी बसलेली आपलं दार मातीनं बंद करून "खो!" म्हणून ओरडायची, आणि पुढची तिच्या हातून खोरं घेऊन आपलं दार फोडायची. खो, खो, खो करत पाणी सरीमागून सरीत चाललं होतं, थेंब वाया जात नव्हता. कॅप्टन पाटाच्या तोंडाशी उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. वाळलेला ऊस पायाशी काळाभोर भिजत होता. मी कितीतरी रानं भिजताना पाहिली आहेत, पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्या वेळी मिरचीला दोष देण्याचीही सोय नव्हती.

तात्यांनी पिशवी बांधावर ठेवली, पायताणं काढली आणि धोतर खोचलं. "खालचा बांध फुटंल, तिकडं कोण बघंना," एवढंच म्हणाले आणि पाण्यात उतरले. नातीनं त्यांना पाहिलं. क्षणभर ती गांगरली. मग तिनं त्यांनाही हुकूम सोडला, "तात्या, तितं न्हाय, तिकडं!" आणि तात्या तिकडं गेले.

दिवेलागणीला सगळ्या चिखलानं माखून केंद्रावर परत आल्या. आबांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "भिजलं, आबा," कॅप्टन म्हणाली, "सगळं भिजलं." आबांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ तशीच धरली. तात्या मात्र "चल" म्हणाले आणि नातीला घेऊन गेले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळेना. सामने बारामतीला होते. गावातल्या गावात खेळणं वेगळं आणि पोरीनं तालुक्याबाहेर जाणं वेगळं. ते पाठवतील असं मला काही वाटत नव्हतं.

सामन्यांच्या दिवशी सकाळी आबांनी पेंडीचा टेम्पो धुऊन आणला. कितीही धुतला तरी सरकीचा वास येतच होता. मेडिकलवाल्या ताईंनी दुकानाला कुलूप लावलं. वडेवाले भाऊंनी कढई उपडी घातली. मी गिरणीच्या दारावर "आज बंद" लिहिलं. मुली टेम्पोत चढल्या, फक्त कॅप्टन नव्हती. आम्ही थांबलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग वळणावर ती दिसली, आणि तिच्या मागं इस्त्रीचं धोतर नेसलेले तात्या. ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि म्हणाले, "चला की, कशापायी थांबलाय?"

बारामतीच्या मैदानावर बुटांतले संघ होते, प्रशिक्षक होते, शिट्ट्या होत्या. आमच्या मुलींच्या कपड्यांना पेंडीचा वास. पण खेळ सुरू झाला आणि वासबीस कुणाच्या ध्यानात राहिला नाही. अंतिम सामन्यात संरक्षणाच्या शेवटच्या पाळीला आमची कॅप्टन मैदानात उतरली, आणि शिट्टी वाजेपर्यंत तिला कुणाचं बोट लागलं नाही. आम्ही किती ओरडलो! आबा खुर्चीवर उभे राहिले होते. वडेवाले भाऊ अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. जिंकलो. आमच्या पोरी जिंकल्या.

बक्षिसाच्या वेळी माईकवरून पुकारा झाला, "विजेत्या संघाबरोबर आलेल्या जबाबदार व्यक्तीनं मंचावर यावं." आम्ही सगळेच उठलो. आबा उठले, भाऊ उठले, ताई उठल्या, मी तर आधीच उभी होते. माईकवाला गोंधळला. "कृपया एकानंच या," तो म्हणाला. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणालाच मागं राहायचं नव्हतं आणि कुणाला पुढं होणं बरं दिसेना.

मग आबांनी सवयीनं विचारलं, "अरं, आज पाळी कुणाची हाय?"

"माझी," तात्या म्हणाले, आणि टोपी नीट करत सगळ्यांच्या पुढं होऊन मंचाकडे चालायला लागले.